बहात्तर पायऱ्या, दोन चाकोऱ्या

"बहात्तर!" मोजपट्टीनं धापा टाकत जाहीर केलं.

"एकाहत्तर! खालचा तो नुसता दगड आहे," चिवचिव म्हणाली.

"तुला ठेच लागली म्हणून दगड होय!"

"भांडा नंतर," दादा कपाळ पुसत म्हणाला. "बहात्तर काय, सातसुद्धा आत्याला जमणार नाहीत."

दादा आणि चिवचिव ही भावंडं सुट्टीत आत्याकडे आली होती. मोजपट्टी हा आत्याच्या शेजारचा मुलगा. त्याच्या खिशात कायम मोजायचा टेप असे, त्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं. या टेकडीवर जुन्या वस्तीच्या उत्खननावर आत्यानं नऊ वर्षं काम केलं होतं. एका प्रचंड रांजणाचे चारशे तुकडे तिनं एकेक करून जोडले. पण पुढं वर संग्रहालय झालं आणि रांजण तिथं उभा राहिला, तोवर आत्या अपघातानं चाकाच्या खुर्चीत बसली होती. आपला रांजण तिनं उभा पाहिलाच नव्हता!

उद्या तिची खास सहल ठरली होती. सकाळी टेकडी, दुपारी कुंभारकाकांचा कारखाना. पण सहलवाला फोनवर खुशाल म्हणाला होता, "बाईंना खाली गाडीत बसवू. मी वरून फोटो काढून आणतो!" आत्या म्हणाली, "मग नकोच." आणि खिडकीबाहेर बघत बसली. ते तिघांनाही बघवेना, म्हणून ते पाहणीला आले होते.

संग्रहालयाचे व्यवस्थापक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "चाकांसाठी वाट नाही. निघा आता."

तिघं तोंड पाडून बाहेर आले. दाराशेजारच्या दुकानात मातीचे माठ मांडले होते. चिवचिवनं एकाला टिचकी मारली. टण्ण!

"एवढे माठ बहात्तर पायऱ्या चढून आले? आणि एकही फुटला नाही?" तिनं विचारलं.

मोजपट्टी एकदम खाली वाकला. दुकानाच्या मागच्या मातीत दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या!

तिघं त्यांच्या मागोमाग धावत सुटले. संग्रहालयाच्या पाठीमागून एक रुंद, गुळगुळीत वाट वळणं घेत उतरत होती. खाली कुलूपबंद फाटक होतं आणि त्यावर पाटी: 'फक्त नाजूक मालासाठी'. मोजपट्टीनं दोरी ताणली, पाण्याची बाटली आडवी धरून बुडबुडा पाहिला, टेप लावला.

"बारा फुटांना एक फूट चढ! खुर्ची आरामात जाईल!"

ते धावतच व्यवस्थापकांकडे परत गेले. "काका, मागं वाट आहे की!"

"ती मालाची. माणसांना परवानगी नाही."

"कुणाची परवानगी लागते?"

"माझी. आणि मी देत नाही!"

कुंभारकाकांचा कारखाना टेकडीखालीच होता. तिघं तडक तिथं गेले. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे होती आणि माल उद्याच जायचा होता. सगळं ऐकून ते मिशीत हसले. मुलांनी लगेच सहलीचा क्रम उलटा केला. आधी कारखाना, मग टेकडी! आत्याला बेत सांगितला, सहलवाल्याला मात्र वाटेबद्दल काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. पुढं पेंढ्यात बसवलेल्या माठांची हातगाडी, मागं आत्याची खुर्ची आणि आत्याच्या मांडीवर एक सुबक सुरई. दादा आणि मोजपट्टी खुर्ची ढकलत होते. अर्ध्या वाटेवर व्यवस्थापक धावत आले.

"थांबा! पाटी वाचली नाही का?"

"वाचली ना! हा बघा नाजूक माल," चिवचिव सुरईकडे बोट दाखवत म्हणाली.

"आणि ह्या बाई?"

"मी?" आत्या गंभीरपणे म्हणाली. "मी पेंढा!"

कुंभारकाका खो खो हसले. "अहो साहेब, रोज तुम्ही ज्या रांजणाची गोष्ट पाहुण्यांना सांगता, तो ह्यांनीच जोडलाय!"

व्यवस्थापकांचा चेहरा खर्रकन उतरला. मग पुढं होऊन त्यांनी स्वतः खुर्चीला हात लावला.

दालनात रांजण उभा होता, खुर्चीतल्या आत्याच्या डोक्याइतका उंच. आत्यानं सांध्यांवरून बोटं फिरवली. तिचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, "हा भिंतीकडं तोंड करून का उभा केलाय?"

"त्या बाजूला भोक आहे ना. एक तुकडा कमी आहे. बरं दिसत नाही."

"तो सापडलाच नाही. लपवायचं कशाला? वळवा."

सगळ्यांनी मिळून तो अलगद वळवला. मध्ये तळहाताएवढं भोक आणि भोवती चारशे तुकडे, घट्ट! रांजण खरंच छान दिसत होता.

"पोरांनो," व्यवस्थापक ओशाळून म्हणाले, "वाट माझ्या दाराशी होती आणि शोधून तुम्ही काढलीत. शाब्बास! ती पाटी आजच काढतो."

"नवीन पाटी मी लिहीन," आत्या म्हणाली.

इतक्यात दारात सहलवाला आला. घामानं निथळत, हातात कॅमेरा. "बहात्तर पायऱ्या! बाईंसाठी फोटो..." समोर आत्याला पाहून त्यानं उंबऱ्यावरच बसकण मारली.

"या, या, दमलात!" आत्या म्हणाली. मुलांना तिनं जवळ ओढलं. "काढा फोटो. आम्हा चौघांचा आणि रांजणाचा. भोक दिसलं पाहिजे हं!"