रामाजींचा सबवूफर

सबवूफर जोडायच्या दोन तऱ्हा असतात, आणि त्यांवर धम्मानंद अर्धा तास सहज बोलायचा, समोरच्याने विचारलेलं असो वा नसो. अॅम्प्लिफायरपासून एकच केबल नेली की सिनेमातली धडधड तेवढी सबवूफरच्या डब्यात जाते. ही त्याची लाडकी तऱ्हा. दुसरीत मोठ्या स्पीकरच्या तारांनाच सबवूफरच्या तारा जोडायच्या. मग गाणी, बातम्या, जे काही वाजेल त्याचा खर्ज त्यात उतरतो. तिला तो म्हाताऱ्यांची तऱ्हा म्हणायचा. सदर भागातल्या स्पीकरच्या दुकानात बारा वर्षं काढल्यावर माणसाला अशी मतं बाळगायचा हक्क येतोच.

त्या दिवशी सकाळी अकराला तो कोराडीला पोचला. वीज केंद्राच्या कॉलनीमागे रामाजींचं बैठं घर होतं. पायरीवर राखेचा बारीक थर, खिडकीबाहेर कोळशाच्या ट्रकांची रांग. रामाजींनी टर्बाइनच्या हॉलमध्ये चौतीस वर्षं काढली आणि कान तिथेच ठेवून आले. आता शेजारी ढोल बडवला तरी त्यांना पत्ता लागत नसे. मुलगी नंदिनी त्यांना सगळं पाटीवर लिहून दाखवायची.

ठार बहिऱ्या माणसाला होम थिएटर कशाला, हे धम्मानंदने विचारलं नाही, पण चेहऱ्यावर उमटलंच असणार. चहा देता देता नंदिनीने आपणहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आईला, कौसल्याबाईंना, स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिने मान वळवून बाबांना काहीतरी सांगितलं. नंदिनी तेव्हा फाटकाशी अॅम्ब्युलन्सवाल्याशी बोलत होती. बाबांना ओठ हललेले दिसले, तेवढेच. आई परत आली नाही. ती काय बोलली, हे बाबा शेजाऱ्यांना विचारत राहिले, स्ट्रेचर धरणाऱ्यांना विचारत राहिले, आणि कोणालाच सांगता येईना तेव्हा त्यांनी बोलणंच सोडलं. सबवूफरचे हादरे अंगाला जाणवतात असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. निदान काहीतरी पोचू दे, म्हणून तिने हे घेतलं होतं.

धम्मानंदला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो मुकाट्याने कामाला लागायचा. रामाजींच्या खुर्चीशेजारी डबा ठेवून त्याने एक केबल जोडली आणि लढाईचा सिनेमा लावला. खिडकीच्या काचा थरथरल्या. रामाजींनी डब्याकडे पाहिलं, आत गेले, आणि हातभर लांब पेचकस, जुना स्क्रूड्रायव्हर, घेऊन आले.

टर्बाइनवरची जुनी माणसं बेअरिंग असंच तपासतात. पेचकसाचं टोक यंत्रावर, मूठ कानामागच्या हाडावर. कान गेला तरी हाड ऐकतं, असं ती म्हणतात. रामाजींनी टोक डब्यावर टेकवलं, क्षणभर ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

धम्मानंदने अभिमान गिळला. केबल काढली, मोठ्या स्पीकरपासून तारा ओढून म्हाताऱ्यांच्या तऱ्हेने जोडल्या आणि बातम्या लावल्या.

या वेळी पेचकस टेकवल्यावर रामाजी हलले नाहीत. त्यांचे डोळे हळूहळू मिटले. पाच मिनिटं झाली. एक स्क्रू घट्ट करायचा राहिला होता म्हणून धम्मानंदने टीव्ही बंद केला, अॅम्प्लिफायर बंद केला. रामाजींनी मान उचलली नाही. करंट उतरून डबा अजून गुणगुणत असेल, असं वाटून त्याने भिंतीवरचं बटणही बंद केलं आणि तारा सोडवायला हात घातला.

रामाजींनी त्याचं मनगट धरलं.

"काढू नको गा. अर्धंच झालं तिचं."

दोन वर्षांनी बापाचा आवाज ऐकून नंदिनी आहे तिथे खाली बसली.

बाईचा आवाज त्या डब्यातून निघू शकत नाही, हे धम्मानंदला ठाऊक होतं. तेवढा वरचा सूर त्याला पेलतच नाही. आणि आता तर त्यात वीजही नव्हती. त्याने डब्यावर तळवा ठेवला. आत बारीक कंप होता. तो थांबत होता, पुन्हा सुरू होत होता, माणूस श्वास घ्यायला थांबतो तसा. धम्मानंदला भीती वाटली नाही. त्याला हात जोडावेसे वाटले.

रामाजी हसले. गाल ओले झाले होते.

"तुमी जेवून घेजा म्हणे, माही वाट पाहू नका. इतकंच होतं, नंदिनी." मग म्हणाले, "वाढ मले."

ते जेवले. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर ताक. नंदिनी डोळे पुसत वाढत होती.

तेवढ्यात धम्मानंदने सगळ्या तारा सोडवून जमिनीवर गुंडाळून ठेवल्या. आता डब्याला काहीही जोडलेलं नव्हतं.

हात धुऊन आलेल्या रामाजींनी पेचकस त्याच्यापुढे धरला. "ऐक तू बी."

त्याने टोक डब्यावर टेकवलं, मूठ कानामागे.

आधी काहीच नाही. मग हाडात गारवा शिरला.

"जेवले का?" बाईचा आवाज. अगदी जवळून.

"हो," धम्मानंद बोलून गेला.



"हे बोलनं ह्यांचं नाही," आवाज म्हणाला. "तू कोन गा?"

त्याच्या हातून मूठ सुटली. हात मांडीवर आला.

पेचकस पडला नाही. टोकापलीकडून, डब्याच्या आतून, कोणीतरी तो अलगद धरून ठेवला होता.