ताईच्या स्वराचा वाडगा

स्फटिकाचा वाडगा रबराच्या कड्यावर ठेवायचा आणि चामडं गुंडाळलेला दांडा काठावरून सावकाश फिरवायचा. घाई केली की वाडगा किंचाळतो. देवाचं नाव घ्यावं तसं निवांत फिरवलं की गातो. माझ्यासारख्या चष्मे विकणाऱ्याला एवढं ज्ञान पुष्कळ.

वाडगा मी ताईसाठी आणला. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला होता. त्याआधी सामूहिक प्रार्थनेत तिनं पहिला स्वर लावला की मागची कुजबुज आपोआप विझायची. "तीन महिन्यांत परतला तर परतला," डॉक्टर म्हणाले होते. अडीच उलटले होते. वाद्यांच्या दुकानातले दहा वाडगे वाजवून मी नेमका तिच्या पट्टीचा निवडला.

रोज दुपारी तिच्या उशाशी वाजवत बसायचो. ताई पाटीवर लिहायची, "छान. शेजारी घर विकतील."

नवव्या दिवशी स्वर मध्येच तुटला. क्षणभरच. दांडा तर फिरतच होता. मी काठ पुसला, कडं बदललं. पुन्हा तुटला. शेवटी घड्याळ लावून बसलो. दर अकरा सेकंदांनी.

ताईनं पाटी ओढली. "गाताना मी तिथेच श्वास घ्यायचे."

"अगं, दगड तो! त्याला कसली धाप?"

"नीट ऐक," तिनं लिहिलं.

घाबरायला हवं होतं, पण मला कुतूहलच जास्त. दुसऱ्या दिवशी त्या फटीत कान घातला. आत बारीक, ओलसर ओढ होती, माणूस हवा आत घेतो तशी.

पंधराव्या दिवशी वाडग्यासोबत ताईचे ओठ उघडले आणि आवाज आला. खरा, तिचाच. माझे डोळे भरून आले.

"ताई, देवानं ऐकलं गं!"

दांडा हातातून सुटला. वाडगा गप्प झाला. ताई गातच राहिली.

अकरा सेकंद गेले. वीस. चाळीस.

"ताई, श्वास घे ना."

ती थांबून हसली. "घेतेय की. किती मोकळं वाटतंय, बाळ्या! खिडकी उघड जरा."

तिच्या छातीवर दोरीनं लोंबणारा चष्मा जागचा हलत नव्हता.

उघड्या खिडकीतून धूळ नको, म्हणून मी वाडग्यावर रुमाल टाकला.

रुमाल मधोमध हळूच आत गेला. मग फुगला. पुन्हा आत गेला.