शनिवारचा टेम्पो

"हा चमचा तुमचाच ना?"

हर्षालीने वळून पाहिलं. कंपनीच्या मागच्या गेटपाशी टेम्पो उभा होता. एक उंच तरुण रबरी हातमोज्यात स्टीलचा चमचा धरून कधी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, कधी चमच्यावर कोरलेल्या नावाकडे बघत होता.

"कुठे सापडला?"

"निळ्या डब्यात. पुठ्ठ्यांमध्ये. सोबत भेंडीची भाजीही आहे."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातपूरच्या या विजेची पॅनल बनवणाऱ्या कंपनीत वेगवेगळे डबे आणले होते तिनेच! ओल्याला हिरवा, सुक्याला निळा, बॅटऱ्या-ट्यूबलाइटना काळा. सफाई करणाऱ्या पुतळाबाईंचा हात कचऱ्यातल्या फुटक्या ट्यूबने कापला, चार टाके पडले, तेव्हा ऑफिसातली ही हर्षाली थेट साहेबांशी भांडली होती. साहेबांनी दोन महिने दिले होते. जमलं नाही तर डबे गोदामात.

"मी प्रफुल्ल. पुठ्ठा आमच्या भंगाराच्या शेडवरून कागद गिरणीला जातो," तो म्हणाला. "पण भिजलेला माल गिरणी घेत नाही, मॅडम. आज मी रिकामाच जातो."

ती दिवसभर धुसफुसत राहिली. सोमवारी मात्र जेवणाच्या सुट्टीत स्वतः डब्यांशेजारी उभी राहिली. कोणी चुकलं की हसत हात धरायची.

"पोरी, तुझ्यामुळं लोकं आता टाकायच्या आधी इचार करतात," पुतळाबाई म्हणाल्या. "पण शनिवारी तू येवढी नटून का येती, ते नाय कळलं."

हर्षाली लाजून लाल झाली. दर शनिवारी प्रफुल्ल यायचा, पिशव्या उघडायचा, आणि ती परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी श्वास रोखून उभी राहायची.

"आज तीनच चहाचे कप निघाले."

"कप कागदाचेच असतात ना?"

"आतून प्लास्टिकचा थर असतो. वरवर बघून कळत नाही... माणसांसारखंच."

"मग माणसं कशी ओळखता?"

"वेळ लागतो," तो म्हणाला, आणि नजर काढून घ्यायला विसरला.

एकदा अचानक भुरभुर सुरू झाली. पुठ्ठा भिजू नये म्हणून दोघांनी धावत ताडपत्री ओढली. दोरीची गाठ मारताना बोटांना बोटं लागली— गाठ काही केल्या बसेना.

दोन महिने संपले, त्या शनिवारी साहेब स्वतः गेटवर आले. प्रफुल्लने एकेक पिशवी उपसली. एकही कप नाही, खरकटं नाही.

"असा माल अख्ख्या एमआयडीसीत मिळत नाही, सर."

साहेबांनी मान डोलावली. "डबे राहू द्या," म्हणत ते आत गेले. हर्षालीला तिथेच नाचावंसं वाटलं.

"आता उघडून बघायची गरज नाही," प्रफुल्ल म्हणाला. "पुढच्या शनिवारपासून ड्रायव्हर येईल."

तिचा चेहरा उतरला. "नवीन ठेवलात?"

"नाही... पहिल्यापासून आहे." त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "त्या चमच्यानंतर इकडे मीच त्याला येऊ देत नव्हतो. आता कारण उरलं नाही, म्हणून विचारतो— कारणाशिवाय भेटाल?"

हर्षालीच्या छातीत ढोल वाजू लागले. आवाज मात्र तिने कसाबसा शांत ठेवला.

"उद्या रविवार. मिसळ खाता?"

"खातो."

"तिखट?"

"तुम्ही समोर असाल तर कशीही..."

"मग दहाला इथेच या," ती म्हणाली. "आणि मॅडम म्हणू नका."