ती शांतता नव्हतीच

आरे-वारेच्या रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि आमची एस.टी. जागच्या जागी उभी राहिली. आषाढ सरत आला होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. खाली समुद्र नुसता गढूळ, वर आभाळ त्याच रंगाचं. निम्मी बस झाड बघायला खाली उतरली होती. मालगुंडला डोळे तपासायच्या शिबिरात माझी वाट बघत म्हातारी माणसं ताटकळली असणार, म्हणून मी खिडकीशी चरफडत बसले होते. मी मनस्वी. रत्नागिरीत एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, आणि घरचे म्हणतात की तपासताना निष्कारण बडबड फार करते.

तेवढ्यात माझ्या कानातल्या इअरफोनची बॅटरी संपली आणि फोनला वाटलं, आता सगळ्या बसला ऐकवावं. भर एस.टी.त सॅक्सोफोन! कंडक्टरनं दचकून वर बघितलं. मी घाईघाईनं फोन शोधायला पर्समध्ये हात घातला, तर मागच्या सीटवरून आवाज आला…

"बंद नका करू हां. उलट वाढवा जरा."

मी वळून बघितलं. तिशीचा असेल. नखांत काळं ऑइल, मांडीवर ओली छत्री, आणि डोळे मिटलेले. मी वळल्याचं जाणवून त्यानं एक डोळा उघडला.

"तुम्ही… हे ऐकता?"

"नाय. मी झाड तोडायला इलोय." तो म्हणाला. "गप ऐका ना. सॅक्सोफोनवाला आत्ता कुठं गरम होतोय."

आता सांगते, रत्नागिरीत जॅझ ऐकणारं एकच माणूस माझ्या ओळखीचं होतं, आणि ते म्हणजे मी. आमचे बाबा तर दर वेळी विचारायचे, "मने, ह्यातलं गाणं सुरू कधी होणार?" त्यामुळे गप्प बसायला सांगणाऱ्या माणसाचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी आवाज वाढवला.

"हा बघा, हा," तो एकदम पुढे झुकला, "हा बासवाला, जाड खालच्या सुरांचा. वेळेवर येतो, पण आलोय असं दाखवत नाय. केसाएवढा मागे रेंगाळतो. म्हणून सगळं झुलतं."

"आणि पियानोवाल्यानं आत्ता एक सूर गाळला, तो कळला का?"

"गाळला म्हणून तर कळला!"

आम्ही दोघंही हसलो. झाड तोडून रस्ता मोकळा झाला, बस हलली, तेव्हा मला चक्क वाईट वाटलं.

त्याचं नाव अजिंक्य. मिरकरवाड्यात मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याआधी बरीच वर्षं तो पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर इंजिनरूममध्ये होता. तिथे वरच्या मजल्यावर रोज संध्याकाळी एक जॅझचं पथक वाजवायचं. पाळी संपली की हा आंघोळ करून मागच्या जिन्यात जाऊन बसायचा. खलाशांना आत जायला मनाई होती, जिन्यात बसायला नव्हती. तिथे त्याला हे वेड लागलं.

मग काय… दिवसभर मेसेज. तो एक रेकॉर्डिंग पाठवणार, मी एक. "दुसऱ्या मिनिटाला ट्रंपेटवाला श्वास घेतो तो ऐक." "तिसऱ्यांदा धून येते तेव्हा पियानोवाला हसला असणार बघ, बोटांतून कळतंय." तो बहुतेक जहाजावरच्या दिवसांतलं, जुनं, तोंडपाठ असलेलं पाठवायचा. रविवारी संध्याकाळी आम्ही मांडवीच्या जेट्टीवर भेटायचो, छत्रीत फोन धरून ऐकायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही.

"तू त्या बासवाल्यासारखा आहेस," मी एकदा म्हणाले. "रेंगाळणारा."

"आणि तू ड्रमर. थांबतच नायस."

बोलताना तो माझ्या ओठांकडे बघायचा. टक लावून, लाज न बाळगता. मी वाक्य अर्धं सोडायचे, ओढणी सारखी करायचे, समुद्राकडे बघायचे. त्यानं लगेच विचारायचं, "काय म्हणालीस?" मला वाटायचं, ह्याला मला परत बोलायला लावायचंय. काय सांगू, किती सुखात होते मी.

त्याच्या आईला, सगुणाताईंना, मासळीबाजारात त्यांच्या टोपलीपाशी भेटले. त्यांनी माझ्या पिशवीत दोन बांगडे जास्तीचे टाकले आणि म्हणाल्या, "बाय माझे, ह्याला हाका मारून मारून माझा घसा बसला. ऐकून न ऐकल्यासारखं करतो मेला! तू तरी सरळ कर." मी हसले. कोळणीच्या घरात आणि बंदरावर सगळेच ओरडून बोलतात. तिथे कुणाला काय वेगळं वाटणार?

मग मला ते रेकॉर्डिंग सापडलं. पियानो, बास आणि ड्रम, तिघंच. नवीन मुलं, नुकतंच कुणीतरी टाकलेलं. मध्यावर पियानो थांबतो, बास थांबतो आणि ड्रमवाला एकटा उरतो. हातात काठ्या नाहीत, तारांचे ब्रश. ते तो ड्रमच्या कातड्यावर नुसते गोल गोल फिरवतो… पडवीत कुणी सावकाश तांदूळ पाखडत असावं तसा आवाज. इतका हलका, की ऐकताना आपला श्वास मध्ये येतो. मी डोळे भरून येईपर्यंत ऐकलं आणि अजिंक्यला पाठवलं. 'मधलं ऐक. मग बोलू.' एवढंच लिहिलं.

रविवारी जेट्टीवर वारा होता, पाऊस थांबलेला. तो आधीच येऊन बसला होता.

"ऐकलंस?"

"ऐकलं ना. काय हाय गो ते!" त्याचा चेहरा उजळला होता. "मधली ती शांतता! सगळे एकदम थांबतात. पियानो नाय, बास नाय, काय नाय. एवढा वेळ गप राहायला केवढी हिंमत पायजे! मी तर रडलो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

आमच्या दुकानात काही लोक लायसन्ससाठी फळ्यावरची अक्षरं पाठ करून येतात. धडाधडा म्हणून दाखवतात. मग मी हळूच दुसरा फळा लावते आणि बिचारे तिथेच अडकतात. अजिंक्यला माहीत असलेली सगळी गाणी पाठ होती. हा दुसरा फळा मी नकळत लावला होता.

तरी खात्री करावीशी वाटली. मी तोंड समुद्राकडे फिरवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अजिंक्य, माझी चप्पल पाण्यात पडली."

तो शांतपणे लाटा बघत होता. हसरा, सुखी.

मी त्याच्यासमोर येऊन उभी राहिले. "तिथे शांतता नाहीये," मी म्हणाले. "तिथे ड्रमवाला ब्रश वाजवतोय. अख्खा वेळ."

आधी त्याला समजलंच नाही. मग समजलं. चेहरा असा उतरला की मला वाटलं, आपण हे बोललोच नसतो तर बरं झालं असतं.

"बारीक आवाज गेले माझे," तो म्हणाला. "पाखरं गेली, झांजा गेल्या. इंजिनाजवळ राहून जातात. डॉक्टर म्हणतो, ह्ये काम सोड, नायतर उरलंय तेपण जाईल. मला दुसरं येतं काय?"

"आणि माझ्या तोंडाकडे बघायचास ते…"

"ओठ वाचायचो."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतके दिवस मी लाजत होते ते कशावर? "मला सांगावंसं नाही वाटलं?"

"काय सांगू? आपल्यात दुसरं हाय काय, ह्या गाण्यांशिवाय? उद्या बासपण गेला की तू माझ्याशेजारी बसून काय करशील?" तो उठला. "कानाचं यंत्र घेतलंय मी, गुपचूप, आईलापण न सांगता. त्यातनं गाणं पार मरतं. जहाजावरचं सगळं डोक्यात हाय अजून, तसंच ठेवायचंय मला. तू पुढच्या रविवारी नको येऊ."

आणि तो गेला. मी हाक मारली. पाठमोऱ्या माणसाला माझी हाक पोचणार नव्हती, हे हाक मारल्यावर लक्षात आलं.

ते दिवस फार वाईट गेले. गणपती आले, घरोघरी आरत्या झाल्या, झांजा वाजल्या. मी एकटीच त्या झांजांनी रडत होते. राग होता, भरपूर होता. खोटं बोलल्याचा होता, आणि त्याहून जास्त, त्यानं परस्पर माझ्या वतीनं निकाल लावून टाकल्याचा. एका दुपारी दुकानात सांगून निघाले, ती थेट मिरकरवाड्याला.

पत्र्याच्या शेडमध्ये उघडं इंजिन धडधडत होतं. कानठळ्या बसत होत्या आणि हा शहाणा कानात साधा कापूसही न घालता त्यावर वाकलेला. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं वर बघितलं. इंजिन बंद केलं.

"यंत्र कुठाय?"

"मनस्वी, तू जा…"

"ओठ वाच माझे. यंत्र. कुठाय?"

नटबोल्टच्या खणातून त्यानं डबी काढली. अगदी जीवावर आल्यासारखं. "गाणं नको लावू. हात जोडतो."

"नाही लावत."

"मग कशाला घालू?"

"तू माझा आवाज कधी ऐकलायस?" मी विचारलं. "पूर्ण?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग? तुझी गाणी ठेव तुझ्या डोक्यात. मी तिथे नाहीये. मी जहाजावर नव्हते, मला तू आठवून आठवून ऐकू शकणार नाहीस. मला आत्ताच ऐकावं लागेल. जेवढी वर्षं ऐकू येईल तेवढी वर्षं."

त्यातलं त्याला किती कळलं कोण जाणे. मी रडत होते आणि रडणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नसतील. त्यानं ऑइलचे हात पँटीला पुसले. यंत्र कानात बसवलं. बाहेर कावळा ओरडला तसा तो दचकला.

"आधी वाचायलाच बघायचो," तो खाली बघत म्हणाला. "मग नुसताच बघायचो. ते खोटं नव्हतं."

मी नाक ओढलं.

"आता हेपण ऐकू येतंय," तो म्हणाला. "बोल."

"काय बोलू?"

"काय पण. एवढी बडबडतेस एरवी."

आणि मला, मेलीला, एक शब्द सुचेना. शेडच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता. तो वाट बघत उभा होता, यंत्र घातलेला कान जरासा माझ्याकडे केलेला, आणि डोळे… डोळे त्यानं मिटून घेतले होते.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले. हळू. मुद्दाम हळू.

तो हलला नाही. मला वाटलं, पोचलं नाही.

"कसा आहे आवाज?" मी विचारलं.

"वाईट हाय," डोळे न उघडता तो म्हणाला. "डब्यात खडे घालून हलवावे तसा."

मी रडता रडता हसले आणि ते यंत्र काढायला हात पुढे केला. त्यानं मान मागे घेतली.

"असू दे गो," तो म्हणाला. "सवय होईल. परत म्हण."