उजवीकडं झुकलेली मात्रा

सूनबाई, ते आत्ता दिवेलागणीला आलेलं कार्ड पालथंच राहू दे. दिवा जरा इकडं सरकव आणि बस. मध्येच औषधाचं विचारू नकोस, घेतलंय.

युद्धाआधी मी पोस्टमन होतो, हे तुला ठाऊक आहे. पकडलो गेलो तेव्हा छावणीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, काय काम येतं? मी म्हटलं, पत्रं वाटता येतात. झालं, लावलं मला टपालाच्या खोलीत. ती पूर्वी धोबीखाना होती. भिंतींना साबणाचा आणि ओल्या लोकरीचा वास कायमचा चिकटलेला, कोपऱ्यात एक शेगडी आणि खिडकीबाहेर नुसतं धुकं. भर दुपारी कंदील लावावा लागायचा.

त्या अधिकाऱ्याला आम्ही 'इस्त्री' म्हणायचो. बेट्याच्या कपड्यांवर कधी सुरकुती नसायची आणि चेहऱ्यावर कधी माणूस नसायचा. कैद्यांची कार्डं तो वाचणार, नको त्या ओळी काळ्या करणार आणि मी त्यावर 'तपासले' असा पितळी शिक्का मारणार. कैद्यांच्या टपालाला तिकीट लागत नसे. तिकिटाची चौकट मात्र छापलेली असे, रिकामी.

त्या रिकाम्या चौकटीचा राग आला तो आमच्यातल्या एका पेंटरला. गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नखांत निळा रंग असा मुरलेला, की छावणीतल्या साबणानंही हार खाल्ली. मला म्हणाला, "बिनतिकिटाचं पत्र म्हणजे बिनबापाचं पोर वाटतं रे. आपलं तिकीट आपण काढू."

बुटाच्या रबरी टाचेवर त्यानं एकच शब्द कोरला. 'आहे'. ते का, ते ऐक. सकाळच्या हजेरीला नंबर पुकारला की 'हजर' म्हणायचा हुकूम होता. आम्ही सगळे मुकाट्यानं म्हणायचो. हा पठ्ठ्या म्हणायचा, 'आहे'. काठी पडायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आहे'. मी चिडायचो, एका शब्दापायी पाठ कशाला सोलून घेतोस? तर म्हणे, "हजर म्हणजे त्यांच्यापुढं. आहे म्हणजे आपला आपण. घरी बायकोला तेवढंच कळलं तरी पुरे."

पण गडी पाट्या रंगवणारा, जन्मभर सुलट लिहिलेलं. शिक्का उलटा कोरायचा असतो. अक्षरं त्यानं उलटी कोरली आणि 'हे'वरची मात्रा सवयीनं सुलटच ठेवली. त्यामुळं छापताना ती डावीकडं झुकायच्या ऐवजी उजवीकडं झुकली. आम्ही पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो होतो. तो म्हणाला, वारा सुटलाय म्हणा. मग मी चोरून सगळ्यांच्या कार्डांवर ते तिकीट उमटवायला लागलो.

इस्त्रीला ते सापडलं. पेंटरनं माझं नाव सांगितलं नाही. पेंटरला अंधारकोठडीत टाकलं, तो तिथून परत आलाच नाही. टाच माझ्यासमोर शेगडीत घातली. रबराचा तो जळका वास अजून कधीकधी मला या घरात येतो. तुम्ही म्हणता, कुठं काय.

त्याच सुमारास तटस्थ देशाचा एक तपासनीस छावणी पाहायला येणार अशी कुणकुण लागली. इस्त्रीनं पेंटरची कार्डं जाळली, नाव खोडलं आणि आम्हाला बजावलं, "असा कोणी कैदी इथं नव्हताच." मेलासुद्धा नाही, नव्हताच! म्हणजे तिकडं त्याची बायको जन्मभर दाराकडं बघत बसणार आणि तिला धड रडताही येणार नाही. माझं डोकं फिरलं. पण बोललो नाही. घाबरलो होतो, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. पेंटरचा नंबर वगळला. आधीचा 'हजर' म्हणाला, पुढचा तोंड उघडणार, तेवढ्यात त्या दोघांच्या मधून, धुक्यातून, हळूच आलं... 'आहे'.

पहारेकऱ्यानं पुन्हा मोजलं. माणसं बरोबर होती. इस्त्रीनं मधल्या जागेकडं पाहिलं. आम्ही कोणी मुद्दाम सोडली नव्हती, तरी एका माणसापुरती जागा सुटली होती. का सुटली, विचारू नकोस.

तपासनीस आला तो थेट टपालाच्या खोलीत. ओव्हरकोटातला थकलेला माणूस. म्हणाला, काम चालू राहू द्या. मी पितळी शिक्का शाईत बुडवला आणि कार्डावर मारला.

'तपासले' उमटलं नाही.

'आहे' उमटलं. मात्रा उजवीकडं झुकलेली.

दुसरं कार्ड घेतलं, तेच. तिसऱ्यावर तेच. इस्त्रीनं माझ्या हातातून शिक्का हिसकावला, उलटा करून पाहिला. पितळेवर 'तपासले'च कोरलेलं होतं. त्यानं स्वतः मारला... 'आहे'. चिडून आपल्याच तळहातावर दाबला... 'आहे'. रुमालानं घासायला लागला. शाई जाईना. खोलीत जळक्या रबराचा वास भरला आणि शेगडी तर थंड होती, सूनबाई.

तपासनीसानं हळूच विचारलं, "कोण आहे?"

आता मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही, संताप आला. मी पेंटरचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगितलं, त्याच्या गावासकट. दारातला पाणक्या कैदी होता, त्यानं तेच नाव घेतलं. बाहेर रांगेतल्यांनी घेतलं. काठ्या पडल्या, पण नाव थांबलं नाही. तपासनीसानं ते लिहून घेतलं. पुढं इस्त्री कायम हातमोजा घालून फिरायचा. एकाच हातात.

सुटल्यावर मी पेंटरच्या बायकोकडं गेलो. सरकारी कागद तिला मिळाला होता. रडून झालं होतं. चहा दिला आणि म्हणाली, "भाऊजी, हे गेले ते मला मान्य आहे. पण कार्ड अजून येतं." कोरं कार्ड. चौकटीत फक्त तो शब्द. छावणी तेव्हा जमीनदोस्त झाली होती. मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, मला माहीत नाही, वहिनी. ती होती तोवर कार्ड येत राहिलं. ती गेली गेल्या महिन्यात.

आता ते कार्ड सुलट कर. नाव माझंच आहे ना? चौकटीत काय आहे, वाच... बरोबर. 'आहे' नाही, 'आहेस?' आहे. मात्रा बघ कुठं झुकलीय. आणि बोट जपून, शाई ओली असेल.

आज रविवार आहे, सूनबाई. आज टपाल नसतं. मी जन्म काढलाय त्यात. मग हे दिलं कोणी? नखं पाहिलीस त्याची? निळी...

काय म्हणालीस? गेला नाही? उत्तर घेऊनच जातो म्हणाला? पायरीवर बसलाय?

थांब, तू उठू नकोस. माझी काठी दे. न्यायला आला असला, तरी इतक्यात यायचा नाही मी, नातवाची मुंज... नाही, कारणं कशाला सांगू. हजर तर मी म्हणणारच नाही. तुला दोस्ता एवढंच ऐकायचंय ना, मग दाराआडून ऐक.

आहे.

...सूनबाई, हे माझ्या पाठीमागून, घरातून, दुसऱ्यांदा कोण म्हणालं?