उमरेडचा सात नंबर

सरका जरा, मला टेकू द्या. आणि ते मोबाईल खिशात घाला, नाहीतर मी उठलो. मघाशी तुमच्यातला एक जण खाली दाबला गेला होता. तो जमिनीवर थापा मारत होता आणि वरचे तिघे खिदळत होते. पाहिलं मी. मौद्याच्या पोरांना कबड्डी येते, पण अक्कल यायची आहे. म्हणून आज ही गोष्ट. कुठून ऐकलेली नाही, माझ्या ओळखीतल्या माणसाची आहे. जितेंद्र त्याचं नाव. नोकरीत माझ्यासोबत होता. एकदा सगळं सांगितलं त्याने. आजही फोन केला तर उचलतो, पण कबड्डीचा विषय निघाला की ठेवून देतो.

कोराडीकडे कामगारांचं एक मंडळ आहे, चिमणी क्रीडा मंडळ. वसाहतीतून मान वर केली की वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्याच दिसतात, म्हणून हे नाव. शहात्तर साली पाच-सहा जणांनी काढलं. मैदान म्हणजे खडकाळ माळ होता, त्यात गाड्यांनी राख आणून मातीत कालवली तेव्हा कुठे तो मऊ झाला. अजूनही तिथली माती राखाडीच आहे. खेळून घरी आलेल्या पोराला आई दारातच उभं करते आणि आधी बादलीभर पाणी ओतते. पगार घेऊन खेळणारा त्या मंडळात कधी कुणी नव्हता. सकाळची पाळी करून आलेला माणूस तसाच ट्रकच्या टपावर बसून सामन्याला जायचा आणि हात मोडून घेऊन यायचा.

त्या मंडळाच्या दोन रीती होत्या. नीट ऐका, कारण सगळं त्यातच आहे. चढाईला आलेला गडी पकडला आणि त्याच्या अंगावर पाच जण पडले, की खाली काय चाललंय हे पंचाला दिसत नाही. दिसतं फक्त एकाला, ज्याने घोटा धरलाय आणि जो सगळ्यांच्या खाली आहे त्याला. दाबलेल्याने जमिनीवर तीन थापा मारल्या, की त्या खालच्या गड्याने ओरडायचं, ‘बस!’ मग वरच्यांनी उठायचं. गर्दीच्या कल्ल्यात शिट्टी कुणाला ऐकू येते? वरचे त्या ‘बस’साठीच कान लावून असत.

दुसरी रीत म्हणजे अर्धवट सामना सोडायचा नाही. जमेल तेव्हा त्याच गुणांवर, बाद होते त्यांना बादच ठेवून, पुढे खेळायचा. पावसाने थांबलेला एक सामना त्यांनी अकरा महिन्यांनी पुरा केला होता. असे हट्टी लोक!

तर गेल्या पौषातली अमावास्या. रविवार, अठरा जानेवारी. मंडळाला पन्नासावं वर्ष लागलं म्हणून रात्री कार्यक्रम होता, आणि संध्याकाळी पाच वाजता जितेंद्र स्कूटरवर नागपूरच्या प्रताप नगरला निघाला. काम साधं होतं, भैयाजींना घेऊन यायचं. मंडळ काढणाऱ्यांपैकी हे एकटेच उरलेले. वय ऐंशीच्या घरात, मुलाकडे राहतात. जितेंद्र पोचला तेव्हा ते कानटोपी घालून फाटकातच उभे होते, काखेत फाईल.

“जितू, सापडला गा!”

“काय सापडलं?”

“नव्व्याण्णवचा गुणांचा कागद. उमरेडचा. आठ मिनिटं रायली होती ना आपली? आज पुरी करू.”

जितेंद्रचा पाय स्टँडवरच राहिला. “काहून उकरून राहिले भैयाजी? मानूस गेला त्या सामन्यात.”

“म्हनूनच तं. उमरेडचा संघ येऊन राहिला, दुर्गेशची बायको येऊन राहिली. देवकीबाईनंच सांगतलं मले फोनवर, यांचा सामना अर्धा रायला, तो पुरा करा म्हने. मी काय नाई म्हनू?”

जितेंद्रने स्कूटर वळवली. भैयाजींना मागे बसवलं आणि निघाला. वाटेत भैयाजी जुन्या खेळाडूंची नावं घेत होते. जितेंद्रला एकच नाव ऐकू येत होतं.

दुर्गेश उमरेडचा विणकर, पाठीवर सात नंबर. दिवसभर मागावर पाय चालवून त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या. सतरा जानेवारी नव्व्याण्णव, अंतिम सामना, उमरेडच्याच मैदानात. तीसुद्धा पौषातली अमावास्या. पूर्वार्धात दुर्गेशने चढाईत लाथ फिरवली ती जितेंद्रच्या तोंडावर बसली. वरचा पुढचा दात अर्धा तुटून त्या काळ्या मातीत पडला, आणि सगळं उमरेड हसलं. तोंडात कापसाचा बोळा कोंबून जितेंद्र पुन्हा डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. आठ मिनिटं उरली असताना दुर्गेशचा घोटा त्याच्या हातात आला. वर धपाधप पाच जण पडले. दुर्गेशचा दम तुटला. त्याचा पंजा जितेंद्रच्या नाकापाशी होता. त्या पंज्याने थाप मारली. एक. दोन. तीन.

जितेंद्रला तो हात दिसला होता. एक शब्द म्हणायचा होता फक्त. आणि जितेंद्रच्या मनात आलं, थांब लेका, अजून थोडं.

किती थोडं, ते त्यालाही सांगता येत नाही. उठले तेव्हा दुर्गेशचे डोळे उघडे होते आणि तोंड काळ्या मातीने गच्च भरलेलं होतं. लोक म्हणाले, हृदय बंद पडलं. जितेंद्रने मान हलवली. त्यानंतर सत्तावीस वर्षं तो मान हलवतच राहिला. बायकोला, चारुशीलाला, सांगितलं नाही. दात मात्र बसवून घेतला नाही कधी. तुटका तसाच ठेवला.

आणि आता त्याच डाव्या कोपऱ्यात त्याचा मुलगा खेळत होता. अंकुर, तेवीस वर्षांचा, बापापेक्षा चपळ. मैदानावर पोचल्या पोचल्या जितेंद्रने त्याला बाजूला घेतलं.

“आज तू खेळू नको.”

“काहून बाबा?”

“मी सांगून राहिलो म्हनून.”

“अख्खी वसाहत आली बाबा. काहून ते तं सांगा!”

सांगायची वेळ तीच होती. जितेंद्रने घसा खाकरला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, “जाऊ दे. सांभाळून खेळ.” मला त्याचा राग येतो तो इथे. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या पोराला मी एकवेळ समजून घेईन, पण हा तर बाप होता.

सामना नऊ वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला. जुन्या कागदाप्रमाणे उमरेडचे तीन गडी आत, चार बाद. बाद झालेल्यांसाठी रेषेबाहेर चार खुर्च्या मांडल्या. तिघांवर आताची पोरं बसली. चौथी खुर्ची दुर्गेशची. उमरेडचा कप्तान म्हणाला, “त्याच्या जागी कोनी नको. रिकामी राहू द्या.” समोर पहिल्या रांगेत देवकीबाई बसली होती, मांडीवर हात ठेवून. गुणलेखनाला जितेंद्र. अक्षर चांगलं म्हणून नेहमी तोच असायचा. चिमणीचा एक गडी बाद झाला की उमरेडचा एक उठणार, आणि कोण उठला ते कागदावर पाहून माइकवर पुकारायचं, हे त्याचं काम.

मैत्रीचा सामना म्हणे! पहिल्याच चढाईत चिमणीच्या गड्याच्या हनुवटीवर गुडघा बसला. ओठ फाटून लोंबला. तो बाद, त्याला उचलून बाहेर नेलं.

“चार नंबर, आत,” जितेंद्रने पुकारलं.

मग मधल्या गड्याचा खांदा निखळला. तो गुरासारखा ओरडत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

“दोन नंबर, आत.”

मग डोक्याला डोकं आपटलं. भुवई उकलली. राखाडी मातीत रक्ताचे थेंब पडले आणि लगेच आत जिरले.

“पाच नंबर, आत.”

एव्हाना दोन्हीकडची पोरं शिव्या देत होती. पंचाने दोघांना ताकीद दिली. भैयाजी खुर्चीतून उठून ‘शांततेनं घ्या गा’ म्हणत होते, कोण ऐकतो? पुढच्या चढाईत चिमणीचा आणखी एक जण सापडला. जितेंद्रची मान खाली. पेन्सिल पुढच्या ओळीवर. तोंड माइकवर. इतकी वर्षं जे केलं तेच हाताने आणि तोंडाने आपोआप केलं.

“सात नंबर, आत.”

म्हणाला... आणि मग त्याला कळलं.

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मग तेही थांबलं.

रिकामी खुर्ची कलंडली होती. वारा नव्हता.

“कबड्डी कबड्डी कबड्डी...”

आवाज उमरेडच्या बाजूने आला. हळू, बसका. उमरेडच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाचेही ओठ हलत नव्हते. आवाज मधली रेषा ओलांडून अलीकडे आला. दिवे लख्ख होते. तेच वाईट होतं. कारण मातीत पावलं उमटताना दिसत होती. उघडी पावलं. एक... मग दुसरं.

अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. तुम्ही खेळता ना? कुणाचा दम पुरतो एवढा?

“कबड्डी कबड्डी कबड्डी...”

उजवीकडचे गडी मागे पळाले. एक अंकुर राहिला. डाव्या कोपऱ्यात. पावलं त्याच्याकडे वळली.

“अंकुर, बाहेर ये!” जितेंद्र ओरडला.

पण त्या पोराला लहानपणापासून बापाने एकच शिकवलं होतं. घोटा समोर आला की हात गेलाच पाहिजे.

हात गेला.

“धरला!” अंकुर ओरडला.

मग तो उलटा झाला. तोंडावर आपटला. आणि दबला... पाठीवर कुणी नव्हतं. पण बनियन खाली खचत होती. इथे गुडघा. इथे कोपर. हाताची बोटं उलट्या बाजूला वळली. कट्. कट्. कट्. चौथं. तिघांनी पाय धरून ओढलं, तो हलेना. पंच शिट्टी वाजवत होता. वाजवतच होता. बरगडी मोडली त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला.

अंकुरचा दुसरा पंजा मोकळा होता.

थाप.

थाप.

थाप.

जितेंद्र टेबल उलथवून धावला. “बस!” तो ओरडला. “बस! बस!”

काही झालं नाही. माती अंकुरच्या तोंडात शिरत होती.

“कबड्डी कबड्डी...”

जितेंद्र आडवा पडला. मुलाशेजारी. सगळ्यांच्या खाली जो असतो, त्याच्या जागी. गाल मातीला लावला. समोर अंकुरचा डोळा होता, इतका जवळ. असाच एक डोळा त्याने पाहिला होता.

“त्यानं तीनदा थाप मारली होती!” जितेंद्रचा आवाज फाटला. “देवकीबाई! त्याचं हृदय नव्हतं बंद पडलं... मले हात दिसला होता त्याचा. माह्या तोंडापाशी होता. मी बस म्हटलं नाई. मुद्दाम म्हटलं नाई... मी मारलं त्याले.”

भैयाजी मटकन खाली बसले. चारुशीला मुलाकडे धावली होती, ती अर्ध्या वाटेवर उभी राहिली.

“कबड्डी... कबड्डी...”

देवकीबाई उठली. रेषेपर्यंत आली. रडली नाही.

“कितीदा थाप मारली त्यानं?” तिने विचारलं.

“तीनदा.”

ती त्या खचलेल्या पाठीकडे बघत होती. तिला तिथे काय दिसलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

“आता म्हन,” ती म्हणाली.

जितेंद्रने डोळे मिटले.

“बस.”

आवाज थांबला... आणि मग जितेंद्रच्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला. लांब. खूप लांब. पाण्याखालून वर आलेला माणूस घेतो तसा.

अंकुरची पाठ वर आली.

पोरगा जगला. तीन बरगड्या आणि चार बोटं मोडली, पण जगला. जितेंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः उमरेडच्या ठाण्यात जाऊन बसला. त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल. चारुशीला त्याच्याशी बोलत नाही, डबा मात्र देते. देवकीबाई रिकामी खुर्ची सरळ करून गेली. बस, एवढंच.

एक राहिलं. त्या रात्री दवाखान्यात नर्सबाई अंकुरच्या तोंडातली माती काढत होत्या. बोळ्यामागून बोळा. जितेंद्र बाजूला उभा होता. त्याच्या लक्षात आलं, माती काळी आहे. कोराडीच्या मैदानात काळी माती मूठभरही नाही.

शेवटच्या बोळ्याला काहीतरी टणक लागलं. बाईंनी ते चिमट्याने उचलून वाटीत टाकलं. टण्ण वाजलं. दाताचा तुकडा, पिवळा पडलेला. त्यांनी अंकुरचे दात मोजले. दोनदा मोजले. सगळे जागेवर होते, एकही तुटलेला नव्हता.

जितेंद्रने वाटीतून तो तुकडा घेतला, नळाखाली धुतला आणि बेसिनवरच्या आरशात पाहून आपल्या तुटक्या दाताला लावला.

नेमका जुळला.