घोटीचा तांदूळ

दारात नवऱ्याच्या कारखान्यातल्या गोटीराम क्लार्कची सायकल टेकल्याचा आवाज आला आणि मालनने हातातली तांदळाची पिशवी घाईघाईने बाजरीच्या कोठीत खुपसली... पिशवीवर सहादूचं रक्त वाळून काळं पडलं होतं. पोलिसाने नवऱ्याच्या कपड्यांबरोबर ती तोंड शिवलेली पिशवी हाती दिली, तेव्हापासून त्या बिचारीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. सहादू अंबडच्या एका कारखान्यात मेकॅनिक. मालकांनी त्याला घोटीच्या भातगिरणीचं यंत्र दुरुस्त करायला पाठवलं आणि परतताना विल्होळीजवळ ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. पाय चेचला, जबडा मोडला. दात तारांनी बांधलेले, औषधांची गुंगी... तो काही सांगण्याच्या अवस्थेत नव्हता.

"वहिनी, कंपनीच्या कामाला गेला व्हता, म्हणजे भरपाई मिळती," गोटीराम म्हणाला. "फक्त विमावाले विचारतील, येताना घरच्या कामासाठी कुठं वळला व्हता का? तसं निघालं तर ते हात वर करतील."

मालनची नजर कोठीकडे गेली. त्या सकाळी डबा देताना तीच म्हणाली होती, "येताना नवा तांदूळ आणा, माझा भाऊ जेवायला यायचाय." एवढंसं बोलणं, आणि त्यापायी आता पायाचं ऑपरेशन अडणार, घर उघड्यावर येणार!

"नाय... कुठंच वळले नाय," ती कशीबशी म्हणाली.

गोटीराम गेला. आतून सगळं ऐकणाऱ्या, त्या सकाळचं बोलणंही कानावर पडलेल्या सासूने, कलाबाईंनी, सरळ कोठीत हात घालून पिशवी बाहेर काढली.

"तुझ्या भावाच्या पानात भात पडावा म्हणून माझ्या पोराचा पाय गेला?"

कुणाच्या दृष्टीला पडण्याआधी ती नदीवर नेऊन गंगेत सोडावी म्हणून मालनने पिशवी उचलली, पण कलाबाईंनी ती हिसकावून घेतली. "तू नको जाऊ. कुणी पाह्यलं तर तुझ्यावर येईल. मी टाकते."

त्या दिवसापासून सासू हॉस्पिटलातच, खाटेखाली गोधडी टाकून राहिली. मालन रोज भाकरी घेऊन जाई. सासू मान वळवून खाई. असे अठरा दिवस गेले. दाराशी सायकल थांबली की मालन आतून कडी लावून घेई.

एकोणिसाव्या दिवशी सहादूच्या दातांच्या तारा निघाल्या. गोटीराम विम्याच्या साहेबांना घेऊन आला होता. सहादूने पहिलंच विचारलं, "मालन... पिशवी कुठाय?"

ती कोसळलीच. "साहेब, तांदूळ मीच आणायला सांगितला व्हता. त्यांचा काय दोष नाय... सगळं माझ्यामुळं झालं..."

"अगं येडे," सहादू क्षीण आवाजात म्हणाला, "तुझा तांदूळ तर मी विसरलोच. तो नमुना हे. यंत्र दुरुस्त झालं की पहिला भरडलेला तांदूळ आमच्या मालकाला दाखवावा लागतो, कणी किती पडती ते बघायला. गिरणीवाल्यानं आत चिठ्ठी टाकून तोंड शिवलंय."

"मग तोच पुरावा की," साहेब म्हणाले. "पिशवी दाखवा."

मालनचे डोळे पांढरे झाले. नवऱ्याच्या बाजूचा एकमेव पुरावा... आणि तो आपणच भीतीपोटी पाण्यात घालवला! तिने असहायपणे सासूकडे पाहिलं.

कलाबाई वाकल्या. त्यांनी खाटेखालची गोधडी ओढली आणि उशाशी गुंडाळलेली पिशवी साहेबांपुढे ठेवली.

"गंगेवर गेले व्हते," त्या म्हणाल्या. "पाण्यातबी उतरले. पन पोराचं रक्त हातातनं सुटंना."

गोटीरामने दोरा उसवला. आत चिठ्ठी होती. गिरणीचा शिक्का, तारीख आणि सहादू तिथून निघाल्याची वेळसुद्धा. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि फायलीत लावली.

कलाबाईंनी सुनेचा हात धरला. "लय बोलले तुला. तुझ्या भावाला जेवायला बोलव... भात मी रांधीन."

मालनने सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं.